मोठ्या माणसांचे झोके

६ जानेवारी

सर हसले नाहीत!

कॉलेजच्या वर्कशॉपच्या दारात उभी राहून एका दमात सांगून टाकलं – मोठ्या माणसांसाठी झोके करून विकायचे आहेत. कमी जागेत मावणारे, न कुरकुरणारे. सर शिकवताना डावीउजवीकडे डुलतात म्हणून आम्ही त्यांना लंबक म्हणतो. लंबक क्षणभर थांबले. "वजन किती पेलायला हवं?" एवढंच विचारलं. मग कोपऱ्यातलं टेबल स्वतः पुसलं. "ही जागा तुझी. नापास झालीस तर परत घेईन."

९ जानेवारी

आईला सांगितलं. ती कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. म्हणाली, "लोकांची पोरं पायावर उभी राहतात. आमची झोक्यावर बसणार."

१७ जानेवारी

तास चालू होता आणि मला सगळीकडे झोके दिसत होते. बँकेत, रांगेच्या जागी झोके. कोर्टाच्या व्हरांड्यात वकील हेलकावे खात अशिलाला समजावतोय, आणि अशिलाचा राग झोक्यागणिक उतरतोय. पाय जमिनीवरून सुटले की माणसाचा चेहरा बदलतो – हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही, पण खरं आहे. फळ्यावर काय लिहिलं होतं, देव जाणे.

१८ जानेवारी

स्वप्नात आख्खं शहर हलकेच डुलत होतं. जाग आल्यावर थोडा वेळ पलंगसुद्धा.

२ फेब्रुवारी

सरांनी वाणिज्य विभागाच्या बाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "घेणार कोण?" मी म्हटलं, सगळेच. "सगळेच म्हणजे कोणीच नाही. मला एक माणूस दाखव." माझं तोंड एवढंसं झालं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "त्यांनी तुला पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. मला कधी बोलावत नाहीत."

११ फेब्रुवारी

एक माणूस सापडला! दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले त्यांचे पेशंट व्यायाम म्हटला की रडकुंडीला येतात. "झोक्यावर गुडघा आपसूक वाकेल. आणा एक, बघू."

रविवारी आई बैठक शिवून देणार. कुरकुरत का होईना.

२६ फेब्रुवारी

वाळूची पोती ठेवून झोका हलवला. वरचा आकडा निसटला. पोती फुटली, वाळूच वाळू. मी तिथेच फतकल मारून रडले. सरांना म्हटलं, झालं, आता नोकरीच्या मुलाखतींना नाव देते.

सरांनी झाडू घेतला. झाडता झाडता म्हणाले, "दे की. पण पडली ती वाळू. माणूस पडू नये म्हणूनच तर ठेवली होती." मग दुसरा झाडू माझ्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून आकड्याचा जोड नव्याने आखला. मुलाखतींची यादी मी उघडलीच नाही.

९ मार्च

दवाखान्यात आज पहिला झोका. पहिले बसले ते निवृत्त बसचालक. आधी दोरी घट्ट धरून, ओठ आवळून. सर छताच्या आकड्याखाली उभे, मान वर. मग हळूहळू काकांचा गुडघा वाकू लागला, सरळ होऊ लागला. डोळे मिटले. खिडकीतलं ऊन त्यांच्या तोंडावरून जायचं, यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, उतरा आता." काका म्हणाले, "पुढच्या थांब्यावर."

आई अर्धी रजा काढून आली होती. दाराशीच उभी राहिली. निघताना बैठकीची शिवण तेवढी बोटाने चाचपली.

१२ मार्च

डॉक्टरीणबाईंना आणखी सहा हवेत! सर म्हणाले, "शिवणारं माणूस शोध. आईच्या रविवारांवर धंदा चालायचा नाही." घरी तसंच सांगितलं. आई म्हणाली, "शोध की."

१५ मार्च

आईने कारखान्यातली नोकरी सोडली. मला न विचारता.

ती शांतपणे डबा घासत होती. वर न बघता म्हणाली, "उद्या किती वाजता यायचं, मॅडम?"