पाच पावलं लांब

शनिवार, ३ मे

आज माझी पाठ मीच थोपटून घेते — दुसरं कोण थोपटणार!

सामन्याआधी रिंगणात स्तोत्र सुरू झालं आणि साइनिमिली खालीच बसली. आमच्या रग्बी संघातली सगळ्यात वेगवान पोरगी. छाती धरलेली, धाप लागलेली, बोटं आखडलेली. "मरतेय मी, आत्या!" झालं, सगळ्या धावल्या. आमच्या सिंगातोका गावात कुणी कोसळलं की त्याला मायेनंच गुदमरवतात — बारा हात डोक्यावर, प्रार्थना टिपेला! मी ओरडले, "पाच पावलं लांब! देवाला तिथूनही ऐकू येतं!"

मार कुठे लागला नव्हता. सवयीनं खिशातला माझा दम्याचा पंप काढला, पण आधी तिच्या पाठीला कान लावला. दम्याची शिट्टी नाही. ओठ निळे नाहीत. बोटांना मुंग्या. म्हणजे हा भीतीचा झटका. पंप परत खिशात.

तिच्यासमोर मातीत बसले. "मरत नाहीस तू. भीती आहे, ओसरेल. मी इथून हलत नाही." मुलींना म्हटलं, तेच स्तोत्र हळू गुणगुणा. तिला म्हटलं, एका ओळीभर श्वास सोडायचा. दहाव्या ओळीला बोटं सैल झाली. सतरा वर्षं पोरींचे घोटे बांधतेय, पण खरं काम आज केलं.

रविवार, ४ मे

चर्चबाहेर अपेनिसा — आमचा प्रशिक्षक — म्हणतो, "फायनलला तिला बाहेर बसवतो. भित्री माणसं नकोत मला." मी म्हटलं, "घोटा मुरगळला की भित्रा म्हणतोस का?" तरी यादीतून तिचं नाव काढलंच!

फार लागलं मला. एकोणिसाव्या वर्षी मलाही असंच घरी बसवलं होतं, दम्यापायी. त्यानंतर मैदानावर गेले ती पट्ट्यांची पिशवी घेऊनच.

बुधवार, ७ मे

साइनिमिलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. दर आठवड्याला बोलायला यायचं, आणि खेळायचं! चिठ्ठी नेऊन अपेनिसाच्या ताटाशेजारी ठेवली. "माझ्या आईपेक्षा वाईट आहेस तू," म्हणाला. नाव परत यादीत.

शनिवार, १० मे

फायनल. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मनगटाच्या पट्टीवर बायबलातलं वचन लिहिलं. साइनिमिली म्हणाली, "माझ्या पट्टीवर लिही — ओळीभर सोड."

स्तोत्र सुरू झालं, तिची बोटं आखडायला लागली. स्वतःच पाच पावलं मागे सरकली. गुणगुणली. परत रिंगणात आली! मग रेषेपार चेंडू टेकवून दोन ट्राय. हरलो आम्ही, पण काय धावली! ऊर भरून आला माझा. अपेनिसा रडत होता आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणत होता.

बसमध्ये ती माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या, स्तोत्राआधी तू पंप ओढत होतीस, तेव्हा मी मिठी मारली ना? तुझ्या पाठीला कान लावला होता. शिट्टी नव्हती."

"अगाऊ कुठली!" म्हटलं.

सोमवार, १२ मे

अगाऊच आहे. तिचं ते बोलणं दोन दिवस डोक्यातून जात नाही.

गुरुवार, १५ मे

दवाखान्यात श्वास मोजायच्या नळीत फुंकलं, दोन-दोनदा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दम्याची खूणही दिसत नाही. एकोणिसाव्या वर्षी काय झालं होतं, नीट सांगा बरं."

सांगितलं. स्तोत्र चालू होतं. बोटं आखडली होती. बारा हात डोक्यावर होते.