बर्फाला प्राइमर

३ डिसेंबर
मनालीचं बुकिंग रद्द केलं. मंगलाला सांगितलं, तिकडची थंडी तुझ्या गुडघ्यांना मानवणार नाही. खरं कारण मंगल कार्यालयाच्या रंगाची ऑर्डर. पण गुडघेही दुखतातच, म्हणजे खोटं अर्धंच. तिने नवा स्वेटर घडी करून कपाटात ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं.

४ डिसेंबर, दुपार
दुकान आणि स्वयंपाकघर यांत एकच भिंत, आणि माझे कान तेज. मंगला फोनवर बहिणीला सांगत होती, आता कायची जातो वं, स्वेटर घेतला तो तूच घालजो.
जेवण गेलं नाही.
निर्णय: तिला बर्फाचा डोंगर स्वतः रंगवून द्यायचा. वॉटरकलरमध्ये. तेरा तारखेला लग्नाचा वाढदिवस आहेच. लाखनीत शून्यातून रंगाचं दुकान उभं केलं, डोंगर काय चीज आहे.

७ डिसेंबर
मोबाइलवर चित्रं शिकवणारी बाई म्हणते, बर्फ रंगवायचाच नाही, तिथे कागद कोरा सोडायचा. पटलं नाही. माल न लावता काम झालं म्हणणारे कॉन्ट्रॅक्टर खूप पाहिलेत. आमचा पेंटर धनीराम म्हणाला, सेठ, पयले प्राइमर मारा, मंग पाहा फिनिशिंग. अनुभवी माणूस. लाकडाचा ऑइल प्राइमर मारला. दोन हात.

९ डिसेंबर
कागद पिवळा पडला. वर पाणी ठरत नाही, निळा रंग घरंगळून खाली जमतो. कागदच हलका निघाला. डोंगर तीन, तिन्ही पिवळे. संध्याकाळचं ऊन पडलंय असं समजायचं. धनीराम बराच वेळ पाहून म्हणाला, सेठ, तुमी काउंटरवरच बरे दिसता. त्याला कलेतलं काय कळतं.

१३ डिसेंबर, सकाळ
चित्र दिलं. मंगला पाहतच राहिली. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, अवो, हे तं आमच्या आसगावचे धानाचे पुंजणे. कापणी झाली का बाबाच्या खळ्यात असेच तीन ढीग लागत. तुमच्या ध्यानात होतं?
मी हो म्हटलं.
मग म्हणाली, मले बर्फ गिर्फ नोको. उद्या आसगावले घेऊन चला, दोन रोज राहू. मी त्यालाही हो म्हटलं.

दुपार
ती बॅग भरून राहिली आहे. उद्या कार्यालयाचा माल उतरतो. परवा जाऊ, एवढंच सांगायला तीनदा आत गेलो. तिन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.