सहा अक्षरांचं गाव

लातूर, २ मार्च १९८३

ती. महादेवी आत्यास रुद्राणीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, पाणी सोडून. नळ चौथ्या दिवशी येतो. सोबत तेरा तारखेच्या अंकाचं शब्दकोडं पाठवते आहे. आमच्या साप्ताहिकाचे संपादक चंद्रप्पा काका म्हणाले की नव्या जिल्ह्याचा हा पहिलाच उन्हाळा, तर कोडं एकाच विषयावर हवं: टँकर जातात ती गावं. मी अकरा गावं बसवली. तहानेचा खेळ करणं बरं दिसेल का, या विचाराने दोनदा फाडलंही. तू अंगणात खडूने घरं आखून मला अक्षरं शिकवलीस, तेव्हापासून तुझ्या लाल पेन्सिलीशिवाय धीर येत नाही. जरूर चालव.

तुझ्या लोभातली,
रुद्राणी

नांदेड, ५ मार्च

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

कोडं चांगलं आहे, म्हणून जास्त रागावते. चार आडव्याची सूचना इतकी लांब, की सोडवणाऱ्यालाच तहान लागावी. आणि खालची बेलदरवाडी काढ. सहा अक्षरांचं गाव, त्याच्या समोर वरच्या बाजूला सहा अक्षरांचं दुसरं नाही. त्यामुळे काळी घरं एका अंगाला कलली आहेत. कोडं उलटं धरलं तरी काळी घरं तिथंच दिसावीत, हे तुला सातव्या वर्षी सांगितलं होतं. तुझे आतोबा म्हणतात, हिला लग्नात अक्षतासुद्धा दोन्ही बाजूंना सारख्या पडायला हव्या होत्या. हसू दे त्यांना.

प्रकृतीला जप, माया आहेच.
महादेवी

लातूर, १८ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

बेलदरवाडी काढली. कोडं अगदी तोलात बसलं. अंक तेराला निघाला, आणि चौदापासून बेलदरवाडीचा टँकर बंद झाला. एक्सल तुटला म्हणतात. पण कोड्याच्या डोक्यावर 'टँकरची गावं' असं ठळक छापलं होतं. वाडीत ठरलं की यादीतून नाव गेलं म्हणून पाणी गेलं.

काल तिथल्या तुळजाबाई तीन कोस चालत छापखान्यात आल्या. आमचं नाव का म्हून काढलं, आमी काय वाईट केलं, असं विचारू लागल्या. मी काळी घरं दाखवली, दोन्ही बाजू सारख्या लागतात हे समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की लई चांगला कायदा हाय बाई, पाण्याला बी लावा. मी तांब्या पुढे केला, तर अर्धाच प्यायल्या. उरलेलं कडीच्या डब्यात ओतून घेतलं.

काका म्हणतात, पुढच्या कोड्यात नाव घाल. कोड्याने टँकर येत नाही, हे मी तुळजाबाईंना सांगितलं. त्यांना वाटलं, मी टाळते आहे.

तुझी,
रुद्राणी

नांदेड, २१ मार्च

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. नाव मी काढायला लावलं, तू नाही. तुळजाबाईंना तसंच सांग. समोर बसवायला सहा अक्षरांचं गाव दोन दिवस शोधलं, आतोबांनाही कामाला लावलं. मिळालं नाही. राहू दे. बेलदरवाडी घाल. काळी घरं कलली तर कलू देत.

तुझी आत्या,
महादेवी

लातूर, ७ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न.

नाव घातलं. सत्तावीसला अंक निघाला. त्या सकाळी वाडीच्या बायांनी फाट्यावर हंडे मांडले, आणि दिवस मावळताना रिकामेच उचलले.

आता एक्केचाळीस उत्तरं आली आहेत, सगळी बेलदरवाडीची. प्रत्येकात तेवढाच शब्द भरलेला, बहुतेक एकाच हाताचा. खाली नाव आणि अंगठा. बाकी कोडं कोरं. ती घेऊन मी सरकारी कचेरीत गेले. तिथल्या कारकुनांनी खुर्ची दिली. म्हणाले की ताई, तुमचं कोडं मी दर रविवारी सोडवतो, पण हा अर्ज होत नाही. आणि वाडीचे कागद अजून जुन्या जिल्ह्यातून यायचेत. निघताना हळूच म्हणाले की या वेळी काळी घरं जरा कललीत.

आमचा नियम तुला ठाऊक आहे. पूर्ण उत्तर देणाऱ्यांची नावं छापायची, अपुरी बाद. पण यांनी जे लिहिलं आहे ते चुकलेलं नाही. नावं छापली, तर बाया पुन्हा फाट्यावर हंडे मांडतील. नाही छापली, तर आपण दुसऱ्यांदा नाव काढलं. पान उद्या लागतं. लाल पेन्सिल घेऊन बसले आहे, एकाही कागदावर खूण झालेली नाही.

हे तुला पोचेपर्यंत रविवार उलटलेला असेल. तरी लिही.

तुझी,
रुद्राणी