घळीत मी थांबलो होतो, अडकलो नव्हतो

तीर्थस्वरूप अर्डिथताई,

धाकट्या व्हर्लनचा वाकून नमस्कार (कंबर अजून पुरती वाकत नाही, तेव्हा जेवढा झाला तेवढा गोड मानून घे). तुझा गुडघा काय म्हणतो? जिने चढतेस का, की अजून भाऊजींनाच वरखाली पळवतेस? आम्ही सगळे ठणठणीत आहोत. हे मुद्दाम लिहितो, कारण जॅनेलने तुला फोन केल्याचं कळलं. पोटची पोर आहे म्हणून सांगतो, तिला साधी गोष्टही फुगवून सांगायची सवय आहे.

तर झालं असं. सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही एस्कलांट गावापलीकडच्या वाळवंटात तंबू ठोकले. मी, नेड्रा, जॅनेल, आठ वर्षांची नात टॅमसिन आणि जावई कर्टिस. कर्टिस ओहायोचा, शाळेत व्हायोलिन शिकवतो. माणूस सज्जन, पण वाळवंटात असा येतो, जणू वाळवंटाने त्याला धमकीचं पत्र धाडलंय. तीन टोप्या, दोन नकाशे, दोर, आणि उन्हाचं क्रीम तर दुकान थाटण्याइतकं. तंबूसुद्धा त्याने पुस्तिका वाचून उभारला. मी माझा न वाचता उभारला. पहिल्याच वाऱ्याला तो जरा आडवा झाला हे खरं, पण उभा किती झटपट झाला होता!

शनिवारी सकाळी मी जाहीर केलं की बाबांनी लहानपणी आपल्याला दाखवलं त्या नेढ्याकडे जायचं. तुला आठवत असेल, आधी ती अरुंद घळ, मग तांबड्या खडकाची चढण, आणि वर डोंगराला आरपार भोक. (येताना तू बूट हरवलास आणि नाव माझं सांगितलंस. मी विसरलेलो नाही.)

कर्टिस म्हणाला, "मामा, पश्चिमेला ढग दिसतायत."

"ते तिकडे आहेत. आपण इकडे आहोत."

"पण पाणी तिकडून इकडेच येतं ना?"

एकसष्ट वर्षं हे खडक तुडवतोय, अंगावर थेंब पडलेला नाही, असं मी सांगितल्यावर तो गप्प झाला. (नेड्राचं म्हणणं, गप्प नव्हता झाला, पिशवीत दोर भरत होता.)

घळीत मी पुढे, बाकीचे मागे. अर्ध्या मैलावर दोन्ही भिंती अशा जवळ येतात की अंग तिरकं करून सरकावं लागतं. बाबा सरकायचे तसाच मी सरकलो. आता बाबा होते काटकुळे, हे मान्य. पण माझं स्पष्ट मत आहे की चोपन्न वर्षांत ती घळ आवळली आहे. कारण एका क्षणी मला पुढेही जाता येईना आणि मागेही येता येईना.

"आजोबा, तुम्ही पुढून अडकलात की मागून?" टॅमसिनने विचारलं.

"मी थांबलोय," मी म्हटलं.

तेवढ्यात समोरून गार वारा आला, आणि त्यात ओल्या मातीचा वास. ताई, तो वास ओळखायला बाबांनी आपल्याला शिकवलं होतं, आणि तो आला की काय करायचं तेही. मी जॅनेलला म्हटलं, पोरीला घेऊन बाहेर पळ, वरच्या कपारीवर चढ, मागे बघू नकोस. ती गेली. नेड्रालाही जा म्हटलं. "सदतीस वर्षं तुमचं ऐकलं नाही, आज बरी ऐकेन," ती म्हणाली आणि माझा पट्टा धरला. कर्टिसने दोर माझ्या काखेतून घेतला आणि क्रीमच्या दोन अख्ख्या बाटल्या माझ्या आणि खडकाच्या मध्ये रिकाम्या केल्या.

"कर्टिस, मला वाटतं की..."

"मामा, बोलणं बंद. श्वास सोडा. सगळा!"

या जावयाने आजवर मला मीठ द्या म्हणताना चारदा 'कृपया' म्हटलंय. मी श्वास सोडला. दोघांनी हिसका दिला आणि मी बुचासारखा निघालो. सदरा तिथेच राहिला. मग आम्ही जे पळालो, ते माझ्या वयाच्या माणसाला शोभणारं नव्हतं, पण वेग वाखाणण्यासारखा होता. कपारीवर चढून बसतो न बसतो तोच पाणी आलं. तपकिरी, अख्खे ओंडके आपटत, घळ भरून, खाली उभा असतो तर माझ्या डोक्याच्या कितीतरी वरून. दम खाऊन मी म्हटलं, "वेळेचा अंदाज मात्र मी बरोबर धरला होता." नेड्राने टोपी फेकून मारली.

बाकी सहल उत्तम झाली. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
व्हर्लन

ता. क. : पुढच्या वर्षी कर्टिसने पुढे चालावं असं मला वाटतं. पण हे माझ्या तोंडून निघायचं नाही, तू मला ओळखतेस. तू थोरली आहेस. फोन कर, आणि सगळ्यांदेखत मला झापून सांग की आता जावयाला पुढे करायचं. मी भांडेन. पण मला फार वेळ भांडू देऊ नकोस.

आणखी ता. क. : वन्सं, मी नेड्रा. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. परत आल्यापासून हे कुणाशीच भांडलेले नाहीत. शेजारच्यांचा कुत्रा वाफ्यात शिरला तरी नुसते बघत बसले. मला काळजी वाटते. तेव्हा फोन जरूर करा, फक्त लगेच जिंकू नका.