पुठ्ठ्याखालची ओळ

१५ एप्रिल, मंगळवार

व्यायामशाळा मिळाली! म्हणजे — मी घेतली. मिळाली म्हणणं खोटेपणाचं आहे. शिट्टीसरांच्या तोंडचा घास काढला, असं लिहायला हवं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांचे ॲडव्हान्सचे, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे, पेपर ५ मेपासून. दोन आठवडे. पेपर बोर्डाकडून सीलबंद येणार, वेळा बोर्डच ठरवणार, आणि बाकीची शाळा त्याच इमारतीत नेहमीसारखी भरणार — पण पाय न वाजवता. हे सगळं जुळवायचं काम यंदा माझ्याकडे. मोठ्या बाई (आमच्या मुख्याध्यापिका, उंचीने माझ्या खांद्याला लागतात) म्हणाल्या, "तुमच्याइतकं काटेकोर इथे कोणी नाही." तेव्हापासून विचार करतेय — हे कौतुक होतं का?

शिट्टीसर खेळ शिकवतात, मी भूगोल. गळ्यात शिट्टी नाही असे ते मी कधी पाहिलेले नाहीत. "दोन आठवडे मी पोरांना कुठे पळवू? तुमच्या नकाशावर?" म्हटलं, मैदान आहे की. "मैदान खिडकीखाली आहे. गोल झाला की तुम्हीच ओरडत येणार."

खरं आहे. येणार.

शेवटच्या तासाला वर्गात विचारलं — ज्यांचे दोन पेपर एकाच वेळी येतात त्यांनी हात वर करा. उंच्या आणि त्याच्या मागचा चष्मेवाला. दोघेच! मधल्या सुट्टीआधी ऐकलेल्या अफवा काही वेगळ्याच होत्या. दोघांचीही सोय बोर्डाला कळवून लगेच लावून टाकली. सुटले.

१६ एप्रिल, बुधवार

यादी तपासायला घेतली. कोणाचा कोणता पेपर, कोणाला जादा वेळ, कोणाचं बाक कुठे. लेकीची ओळ आली की हात अडखळतो. तिला खिडकीजवळचं बाक मिळालं तर लोक म्हणणार, आईने दिलं. भिंतीकडचं मिळालं तर मला वाटणार, लोक बोलतील म्हणून मी मुद्दाम दिलं. शेवटी तिच्या ओळीवर पट्टी ठेवली आणि बाकीची यादी तपासली.

मग लक्षात आलं — पट्टी पारदर्शक आहे. पुठ्ठा घेतला.

वर्गातही माझं हेच. लेक माझ्याच भूगोलाच्या वर्गात बसते. तिचा हात वर असला तरी मी दुसऱ्याला विचारते, पहिल्या दिवसापासून. बाईंची मुलगी म्हणून कोणी बोट दाखवायला नको. नवरा म्हणतो, "शाळेत तिला आई नाही असं समजायचं का?" म्हटलं, शाळेत तिला बाई आहेत. पुरे आहे.

हे जरा कडक झालं का?

२२ एप्रिल, मंगळवार

परीक्षेच्या काळात मुलांना आधार कसा द्यायचा, यावर बैठक. बैठक संपली तेव्हा आम्हालाच आधाराची गरज होती.

ग्रंथालयाशेजारची खोली 'निवांत खोली' करायची ठरली. उशा, केळी, रंगीत माती. ही कल्पना समुपदेशक ताईंची. मागून आम्ही त्यांना श्वासबाई म्हणतो. (मी म्हणत नाही. म्हणजे मोठ्याने म्हणत नाही.) त्यांनी आम्हा सगळ्यांना डोळे मिटायला लावून लांब श्वास घ्यायला लावले. शिट्टीसर घोरायला लागले. श्वासबाई खूश! "बघा, किती लवकर गुण येतो!"

घंटा दोन आठवडे बंद. सूचना माझी. शिट्टीही बंद. तीही माझीच. सरांनी गळ्यातून शिट्टी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "सांभाळा. जरा ओली आहे."

रुमालात गुंडाळून खणात ठेवली. रुमाल आता वापरवत नाही.

२७ एप्रिल, रविवार

पालकांसाठी परिपत्रक लिहिलं होतं. पहिला मुद्दा: मुलांना अभ्यासाविषयी सारखं विचारू नये, इतर विषयांवर गप्पा माराव्यात. मीही पालकच, म्हणून एक प्रत घरी आणली.

दुपारी लेकीच्या दारावर टकटक केली. भौतिकचे सराव पेपर झाले? आतून "हं." आणि भूगोलाची उजळणी? "हं." तेवढ्यात माझ्या मागे नवरा, परिपत्रक हातात धरून: "मुद्दा पहिला, बाई. मोठ्या बाईंकडे तक्रार करू का?"

गेले कित्येक दिवस पोरगी 'हं'वर भागवतेय. दमलीय? रागावलीय? भौतिकशिवाय तिला हव्या त्या कॉलेजात जागा मिळणार नाही, आणि भूगोल हा तिचा जीव. दोन्हींचं ओझं झालंय का? विचारलं तर मुद्दा पहिला आडवा येतो. न विचारावं तर मला झोप नाही.

इतर विषयांवर गप्पा माराव्यात — पण कुठल्या? स्वयंपाक करताना खूप विचार केला. एकही सुचला नाही. परिपत्रकात उदाहरणं द्यायला हवी होती.

२ मे, शुक्रवार

नीट लिहायचा प्रयत्न करते.

दुपारी व्यायामशाळेत बाकांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. ऑफिसातल्या मशीनने छापलेल्या, पुढच्या गुरुवारच्या सकाळच्या. डावीकडे भौतिकची बाकं, उजवीकडे भूगोलाची. डावीकडे लेकीची चिठ्ठी लावली. उजवीकडे आले. लेकीची चिठ्ठी.

आधी वाटलं, मशीन चुकलं. मशीन कशाला चुकेल! पुठ्ठा मशीनने ठेवला नव्हता.

अख्ख्या शाळेत एकाच मुलीची सोय लावायची राहिली, आणि ती माझी! पक्षपात नको, पक्षपात नको म्हणत मी तिला यादीतूनच पुसून टाकलं. खालीच बसले, व्यायामशाळेच्या जमिनीवर. शिट्टीसर दारातून म्हणाले, "बाई, बैठका मारायच्या तर चटई घ्या." मग माझा चेहरा पाहून पाणी आणून दिलं.

बोर्डाला फोन. पलीकडच्या गृहस्थांचा आवाज जेवून उठल्यासारखा.

"मुदत गेली, बाई. आता विद्यार्थिनीने दोन्हींपैकी एक पेपर निवडायचा."

म्हटलं, चूक शाळेची आहे, तिची नाही.

"शाळेत कोणाची?"

माझी.

"विद्यार्थिनी तुमची कोण?"

विद्यार्थिनी.

"आडनाव तेच दिसतंय."

...मुलगी.

मग: "अहो, मग आधी तिचंच बघायचं ना!"

साहेबांना विचारून सोमवारी सांगतो म्हणाले.

३ मे, शनिवार

लेकीला सांगितलं. रडेल, ओरडेल, भांडं आपटेल — सगळ्याची तयारी ठेवली होती. भांडी मुद्दाम स्टीलची ठेवली होती.

ती म्हणाली, "बरं."

अगं, कदाचित एक पेपर सोडावा लागेल!

"बरं." आणि ओठाच्या कोपऱ्यात — हसली का ती? का मला भास झाला? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "निदान 'हं' तरी नाही म्हणाली."

५ मे, सोमवार

परवानगी मिळाली! गुरुवारी सकाळी भौतिक, दुपारी भूगोल. अट: मधला सगळा वेळ लेक वेगळ्या खोलीत, पहाऱ्यात. बाराला भूगोलाची मुलं सुटतील, त्यांच्यातल्या कोणाशी तिची नजरसुद्धा मिळता कामा नये. पहाऱ्याला श्वासबाईंना नेमलं, जोडीला कोण ते नंतर बघू. निवांत खोली, उशा, सगळं आयतंच.

बाकी पहिला दिवस म्हणजे गोंधळ. घंटा नसल्यामुळे तास संपतच नाहीत! वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या सरांनी एकाच वर्गाला लागोपाठ दोन तास शिकवलं आणि म्हणाले, "आज कसं निवांत वाटलं!" लहान मुलं डब्यासमोर हात बांधून बसून राहिली, सुट्टी झाल्याचं कोणी सांगितलंच नाही म्हणून. मोठ्या बाई प्रत्येक वर्गाच्या दारात उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या. पाचवीच्या मुलांनी उलट हात हलवून त्यांना टाटा केला.

७ मे, बुधवार

श्वासबाईंचा आवाज बसला! "श्वास घ्या, श्वास घ्या" म्हणून म्हणून. उद्या येणार नाहीत.

बाकी सगळे पहाऱ्यावर. मोकळे दोघेच. शिट्टीसर — मैदान नाही म्हणून तास नाही. आणि मी. मी का मोकळी? भूगोलाच्या दिवशी लेकीच्या आसपास नको म्हणून मीच मला मोकळं ठेवलंय!

बोर्डाला फोन.

"परत तुम्ही?"

शाळेच्या नियमाप्रमाणे पहाऱ्याला दोघं लागतात, दुसरं कोणी नाही, आईला बसता येईल का?

"तिसरी व्यक्ती हजर असेल तर बसा. पण पेपर, अभ्यास, निकाल — एक शब्द निघता कामा नये." मग हळूच, "जमेल का तुम्हाला?"

राग आला. मग वाटलं, प्रश्न रास्त आहे.

८ मे, गुरुवार

भूगोलाची पाकिटं मोठ्या बाईंनी उघडली. मी त्या वेळी स्वच्छतागृहात जाऊन थांबले. पेपर डोळ्यांखालून जायलाच नको.

बारा वाजता लेक भौतिक लिहून बाहेर आली. शिट्टीसर पुढे, ती मध्ये, मी मागे — अशी वरात निवांत खोलीत. सरांनी दार लावलं, खुर्ची दाराला टेकवली, बसले.

मी म्हटलं, "कसा —"

सरांनी खिशातून पिवळं कार्ड काढून वर धरलं.

अहो सर, 'कसा' एवढंच म्हटलं!

"हेतू दिसला." पिवळं कार्ड खिशात. "दोन पिवळी म्हणजे लाल. लाल म्हणजे बाहेर."

लेक खाली मान घालून हसत होती. खांदे हलत होते.

डबे उघडले. तिघंही गप्प जेवलो. घशात शब्द येत होते आणि मी ते गिळत होते — पाणी पुरेसं पी, पेन दुसरं घे, नकाशाला शीर्षक दे. सगळे अभ्यासाचे! दुसरा शब्दच नाही माझ्याजवळ? शेवटी म्हटलं, "आज हवा छान आहे."

सरांचा हात खिशाकडे. "हवा भूगोलात येते."

"सर," लेक म्हणाली, "ही नुसती हवा आहे."

सरांनी विचार केला. "खेळ चालू."

मग लेक म्हणाली, "आई, मी केस कापलेत."

कधी?

"महिना झाला. बाथरूममध्ये. स्वतःच."

पाहिलं. खरंच की. मानेवर बरेच आखूड, डावीकडे तिरके. रोज समोर बसून जेवते ही माझ्या. छान दिसत होते. तसं म्हटलं. ती जरा लाजली.

"मला दुसऱ्या दिवशीच दिसले," शिट्टीसर म्हणाले. यावर कार्ड दाखवायची सोय नाही म्हणून मी फक्त बघितलं त्यांच्याकडे.

मग जी बोलायला लागली! तिच्या बुटाला भोक पडलंय आणि ती बाबाचे दोन-दोन मोजे घालते. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायला शिकलीय — सरांचे डोळे चमकले, मी "नको!" म्हणेपर्यंत तिने बोटं तोंडाशी नेलीसुद्धा होती. बसस्टॉपवरचा एक लंगडा कुत्रा तिला रोज दारापर्यंत सोडायला येतो आणि मी दार उघडलं की परत फिरतो. "तुला घाबरतो तो." मी काय केलं त्याला? "काही नाही. तू त्याच्याकडे बघत नाहीस."

सरांनी रंगीत माती घेतली आणि मन लावून काहीतरी करत बसले. शिट्टी निघाली. गळ्याशी धरून बघितली, बिचाऱ्यांनी.

दोन वाजले ते कळलंच नाही. घंटा नव्हती ना! ती उठली. विचारलं, 'शुभेच्छा' चालेल का, सर? "नाही." मग तिची कॉलर सरळ केली. त्याला कार्ड नव्हतं.

बोर्डाचा नियम इतका चांगला कोणी केला असेल?

१० मे, शनिवार

जेवताना लेकीला म्हटलं, सोमवारच्या पेपरची — नवऱ्याने ताटाखालून पिवळं कार्ड काढलं. पुठ्ठ्याचं. तोच पुठ्ठा! स्वतः रंगवलाय. दोघांचं संगनमत आहे.

मग कुत्र्याविषयी बोललो. सोमवारी त्याला पोळीचा तुकडा टाकायचा, असं ठरलं.

१६ मे, शुक्रवार

संपलं! बाकं हलली. घंटा चालू केली तर अर्धी शाळा दचकली. सरांना शिट्टी परत दिली, धुऊन. त्यांनी तिथेच जोरात फुंकली. मातीची मला दिली. म्हणाले, "पुढच्या वर्षीसाठी. ही वाजत नाही."

१७ मे, शनिवार

सकाळी चहा घेताना लेकीला म्हटलं, पुठ्ठा ठेवला नसता तर मला पहिल्याच दिवशी दिसलं असतं. पण तुझेच दोन पेपर एकत्र आलेत हे तुलाही दिसलं नाही, कमाल आहे.

"दिसलं होतं की."

मग बोलली का नाहीस?

"तू वर्गात विचारलंस ना, कोणाकोणाचे येतात म्हणून? मी हात वर केला होता." बिस्कीट बुडवलं, खाल्लं. "घंटा होईपर्यंत."