गाडीचे बाजूचे डोळे

२ फेब्रु., सोम.
हळद शिजवायला आज सुरुवात. वाफ पार डांबरी रस्त्यापर्यंत. सगळे कामात, आणि माझा लेक मा. बाजेवर बसून मोबाईलात गाड्या बघून राहिला. दारात एक उभी आहे की! विजेची, दोन वर्षांची, भिंतीला वायरीनं बांधलेली. म्हशीला दावं, तिला वायर.

आता ती देऊन वरची घ्यायची म्हणतो. वरचीत काय? ती आपणहून ब्रेक मारते, रस्त्यावरच्या पट्ट्या धरून चालते, चारी अंगांनी कॅमेरे, आणि आपली आपण पार्क होते.

म्हटलं, "पार्क? आपल्या खळ्यात दोन ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वळतात. तुला कुठं अडून राहिलं?"

"आई, तुला न्हाई कळायचं."

असं म्हणाला की मला कळतं, कळण्यासारखं काहीतरी आहे.

(मला अक्षर येत नाही. पुण्याच्या नातीनं वही दिली. मी सांगते, सून कमल लिहिते. दहावी झालेली, माझं बोलणं सरळ करून लिहिते. नवऱ्याचं नाव आलं की मात्र अडते, नुसतं मा. ठेवते. दहा वर्षं शाळा, अन् नवऱ्याच्या नावापाशी पंक्चर. लिही, हे पण लिही.)

४ फेब्रु., बुध.
आज गाडीची परीक्षा घेतली. मा. गाडी मागे घेत होता, मी जाऊन मागे उभी राहिले. पीं पीं पीं. बाजूला झाले, गप्प. नुसती काठी धरली, गप्प. घमेलं धरलं, पीं. कोंबडी गेली, गप्प. म्हणजे बाई कळते, घमेलं कळतं, कोंबडी कळत नाही.

"आई, काय चाललंय?"

"तुझ्या गाडीची हुशारी बघून राहिले."

मागं डोळा आहे, बाजूला नाही. खात्री करायला डाव्या अंगाला गेले, आरशापासून हातभर, घमेलं घेऊन. गाडी गप्प. ते बराबर. पण मा.पण गप्प. मी हिरव्यागार लुगड्यात समोर उभी, आणि तो मागं वाकून शोधून राहिला. "गेली कुठं आई?"

तेव्हा हसले. आता सांगताना तेवढं हसू येईना.

७ फेब्रु., शनि.
जवळच्या गोरेगावला, गुरुजींकडे. निवृत्त मास्तर, मा.च्या ओळखीचे, वरची गाडी त्यांच्याकडे आहे. मा. माहिती काढायला, मी फिरायला, कमल पुढच्या सीटवर.

गुरुजी म्हणाले, "पट्ट्यांचं ते मी महिन्यातच बंद केलं. आपल्याकडं पट्टी कुठं? जिथं आहे तिथं मी खड्डा चुकवायला जातो, अन् गाडी मला परत खड्ड्याकडं ओढते."

म्हटलं, "फार शिस्तीची दिसते. तुमच्याच शाळेत शिकली असंल."

ब्रेकचं मात्र चालू ठेवलंय. एकदा बैल आडवा आला, गुरुजींच्या पायाआधी गाडी थांबली. गुरुजींनी ते चांगलं हात हलवून सांगितलं. मा.ला त्यात गोडी नव्हती. त्यानं एकच धरलं: बाजूनं कोणी आलं की आरशात पिवळा दिवा लागतो, तो. लागतोच का? उन्हात दिसतो का? डाव्या आरशात पण? तीनदा विचारलं. चहा निवला त्याचा.

येताना कमलचं तोंड थांबेना. "डावीकून मोटारसायकल. शेळ्या. म्हातारा माणूस, सायकलवर." म्हटलं, कमल, तू कंडक्टर कधीपासून? हसली नाही. (हसले होते. क.)

१० फेब्रु., मंगळ.
सकाळी मा.च्या डाव्या हाताला चहा ठेवला. दोन मिनिटांनी, "चहा कुठंय?" कमलनं कप उचलून उजवीकडं ठेवला. बाहेर कुत्र्याच्या शेपटीवर पाय. कुत्रं केकाटलं, मा. त्याच्यावरच तापला, "मधे काहून झोपतं?" मधे नव्हतं. भिंतीला होतं, डाव्या.

माझं माहेर मेंढरांचं. चार विसा मेंढरं. त्यात एक भुरी होती, तिचा एक डोळा गेला होता, आम्हाला दोन महिने पत्ता नाही. कळलं कसं? चरताना ती नेहमी एक मेंढी त्याच अंगाला घ्यायची. खांद्याला खांदा. ती हलली की ही हलायची. बाप म्हणाला, हिला जिकडचं दिसत नाही तिकडं हिनं सोबत ठेवलीय.

हे आजच काहून आठवलं ते लिहू नको, कमल.
(लिहिलं नाही. क.)

१२ फेब्रु., गुरु.
शोरूमचा माणूस नांदेडहून वरची गाडी घेऊन दारात. पांढरा शर्ट, हळदीच्या खळ्यात! जाताना पिवळा होऊन गेला.

आधी पार्कचा खेळ. बटण दाबलं, गाडी जागा शोधायला लागली. एवढं मोठं खळं, आणि पडद्यावर येतं की जागाच सापडत नाही. तो माणूस घामाघूम. म्हणाला, दोन्ही बाजूंना काहीतरी लागतं, आजी, नाहीतर पट्टे. मग एका अंगाला ट्रॅक्टर लावला, एका अंगाला ट्रॉली. तेव्हा कुठं बाईसाहेबांनी स्टिअरिंग आपलं आपण फिरवलं आणि मधे नीट जाऊन बसल्या. खळ्यावरच्या बायांनी कामं सोडून टाळ्या वाजवल्या. म्हटलं, मोकळ्यात जागा दिसत नाही, अडचण केली की दिसते. घरातली मोठी सून शोभते.

मग मा. चालवायला बसला. पुढं काढली अन् डावीकडं वळवायला लागला, तेवढ्यात गाडी ओरडली. पीं पीं पीं पीं. मा.नं ब्रेक दाबला. डाव्या चाकापुढं आपलं पांढरं करडू उभं.

शोरूमवाला खूश. "बघा काका! गाडीनं जीव वाचवला. पण एक सांगतो, ही नुसती मदत आहे, डोळे आपलेच." शेवटचं वाक्य त्याला शिकवलेलं असेल, पण बोलला चांगलं.

सगळे करडाकडं बघून राहिले. मी कमलकडं. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. करडू काही पळत आलं नव्हतं. गाडी सुरू केल्यापासून तिथंच कडबा चघळत होतं, भर उन्हात, पांढरंशुभ्र.

१३ फेब्रु., शुक्र.
वही आण म्हटलं आणि मग तोंड उघडेना. ज्याला अक्षर येतं त्याचं बरं, मनातलं सरळ कागदाला सांगतो. मला आधी सुनेला सांगावं लागतं, आणि गोष्ट तिच्याच नवऱ्याची.

शेवटी म्हटलं, लिही. मा.ला डावीकडचं दिसत नाही.

पेन थांबला. मग कमल म्हणाली, "दिवाळीपासून."

"तुला ठाऊक?"

"त्यांनी शपथ घातली, आत्या. तुमच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई म्हणले. मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. तोवर गाडी सांभाळून घेती."

म्हणजे पार्किंग न्हाई, पट्ट्या न्हाई, काही न्हाई. लेक माझा सोबतीला मेंढी शोधून राहिला. आधी बायको ठेवली डाव्या अंगाला, आता गाडी ठेवतो.

दोघी बसलो. दोघीही एकमेकीपासून एकच गोष्ट लपवून राहिलेल्या. हसूच आलं. मग गेलं.

पिकला की काढू. हे वाक्य माझं आहे. ह्यांना, मा.च्या बापाला, दिसेनासं झालं तेव्हा मीच म्हणाले होते. मोतीबिंदूच तो, पिकू द्या, कच्चा कशाला काढता. वाट बघण्यात दोन हळदी निघाल्या. मग दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाला, हा मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू. गेलेली नजर येत नाही. लवकर आणलं असतं तर

राहू दे.

शेवटची सहा वर्षं हे भिंत धरून चालले. मा.नं ते रोज बघितलं. आणि तरी वाक्य माझंच धरून बसलाय.

१५ फेब्रु., रवि. शिवरात्र.
उपासाचं रताळं त्याच्या डाव्या हाताला ठेवलं. मुद्दाम. त्यानं उजवीकडं चाचपलं, मग कमलकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सांगितलं हिनं?"

"करडानं सांगितलं."

ताट सरकवून उठला. म्हटलं, बस. गाडी घे तू. वरची घे, त्याच्या वरची घे. पण आपण बैल घेताना दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. गाडी घेताना डोळे बघू. तुझे.

"मोतीबिंदूच तर आहे, आई. पिकला की..."

"पुढं बोलू नको. तुझ्या बापाला ते मीच म्हणाले होते. मी अडाणी, मला मोतीबिंदू अन् काचबिंदू काय कळणार. पण तूच कुठं डॉक्टर लागून गेला?"

"अन् डॉक्टर म्हणला चालवू नको, तर? बसू का इथं खळ्यात, तुझ्यासारखं?"

तुझ्यासारखं म्हणाला. लागलं थोडं. म्हटलं, मी काय नुसती बसून राहते का? गाड्यांच्या परीक्षा घेते.

शेताकडं निघून गेला. रताळं मागून मी खाल्लं.

१६ फेब्रु., सोम.
बोलत नाही. पण सकाळी गाडीची चावी खुंटीला नाही, माझ्या उशाशी. कुणी ठेवली विचारलं नाही.

१८ फेब्रु., बुध.
एसटीनं नांदेड, डोळ्याचा दवाखाना. तिघं.

खिडकीवरच्या बाईनं पेशंटचं नाव विचारलं. कमलनं नेहमीसारखं माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं. मागं रांग. मग बोलली, मोठ्यांदा, "माधव." कागदावर पण तिनंच लिहिलं, पूर्ण. आता वहीत पण लिहील. लिही बघू. माधव. झालं, कुणी मेलं का?

डोळ्यात औषध, मग मशीन. एका डोळ्यावर पट्टी, अंधाऱ्या खोलीत मशीनच्या आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. माधव लहान लेकरासारखा बटण धरून बसला. बाहेर आला आणि म्हणाला, "बराच वेळ एकही दिवा लागला न्हाई, आई. मशीन बिघडलंय वाटतं." मी व्हय म्हटलं.

डॉक्टरीण बाईनं विचारलं, घरात कुणाला होतं? माधवनं माझ्याकडं बघितलं नाही. मीच सांगितलं.

मोतीबिंदू नाही. डोळ्यातला दाब वाढलाय. डावा बराच गेला, उजवा कडेनं थोडा. गेलेलं येत नाही. आहे ते राखायला थेंब, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस चुकवायचा नाही. महिन्यानं परत तपासणी. तोवर चालवायचं नाही.

माधवनं एकच प्रश्न विचारला. "गाडीला बाजूचे डोळे असले तर?"

बाई हसल्या नाहीत, मला ते आवडलं. म्हणाल्या, "गाडीचं गाडी बघेल. तुमचं आपण महिन्यानं बघू. आणि तोवर चालताना मान वळवून बघायची सवय लावा."

परतताना खिडकीशी बसला. डोंगरकडा गाव येईपर्यंत एकदाही बाहेर बघितलं नाही.

२२ फेब्रु., रवि.
खळ्यात नवाच तमाशा. स्टिअरिंगवर कमल! माधव बाजूला, डावीकडं, शिकवून राहिला. "हळू. हळू म्हटलं! अगं, ब्रेक." गाडी जागची हलेना. कमल रडकुंडीला, माधव तापलेला. मी बाजेवरून म्हटलं, दावं सोडा आधी. वायर भिंतीला तशीच होती.

मग चालली. ट्रॅक्टर आणि ट्रॉली त्या दिवसापासून तशीच लावून ठेवलेली. त्यांच्या मधे कमलनं स्वतः लावली, सातव्या खेपेला, थोडी तिरकी. बटण न दाबता. (आठव्या खेपेला सरळ. क.)

शोरूमचा फोन आला. काका, ठरलं का? माधव म्हणाला, "थांबा थोडं. चालवणारणीला विचारावं लागंल."

चालवणारीण म्हणते, तिला पिवळा दिवा नको, पण मागचा कॅमेरा मोठा पाहिजे. लायसन अजून शिकाऊ पण नाही, आणि मागण्या बघा.

१ मार्च, रवि.
थेंब सकाळचे झाले.

दुपारी माधव मळ्याकडं निघाला. मी पण काठी घेऊन निघाले, त्याच्या डाव्या अंगाला. बांध अरुंद, माझा खांदा त्याच्या दंडाला लागून राहिला.

"आई, तू काहून या बाजूनं?"

"इकडं सावली आहे."

सावली कुठंच नव्हती, डोक्यावर ऊन होतं. त्यानं मान पुरती वळवून माझ्याकडं बघितलं, डॉक्टरीण बाईनं सांगितलं तशी. कोपर जरा बाहेर काढलं, मला धरता येईल एवढं.

कमल विचारते, गाडी बदलायची की नाही, शेवटी काय लिहू? लिही, ठरलं नाही. तपासणीला अजून सतरा दिवस आहेत. उजव्याचं काय निघतं कोण जाणे.

आणि खाली जागा सोड, संध्याकाळच्या थेंबांना.
(झाले. माधवनं स्वतः टाकले. एक गालावर. क.)