सहावा वाटा

११ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुझ्या भावजयीचा गुडघा बरा झालाय, त्यामुळे आता कुरकुर फक्त तीच करते. तुझं घर सायकलने पंधरा मिनिटांवर. तरी पत्र लिहितोय. समोर येऊन सांगायला तीनदा निघालो आणि तीनदा पुलावरून परतलो.

गेल्या महिन्यात सामाईक शेताच्या सभेत तुझा जुना ठराव पास झाला, हे कळलंच असेल. प्रत्येक पिकाचा सहावा वाटा कोठारात. ज्याच्या घरी कमी पडेल त्याने न्यायचा, कुणी काही विचारायचं नाही. विरोधात एकटा गवंडी. "सगळेच हो म्हणणार असतील तर सभा कशाला?" म्हणाला.

ठराव मी मांडला. हसू नकोस. उन्हाळ्यात घाटरस्ता खचला, अकरा दिवस एकही ट्रक आला नाही, माझी तिन्ही दुकानं रिकामी. नवव्या दिवशी शेतावर बटाट्यांच्या रांगेत पिशवी घेऊन उभा राहिलो. मागून शिंपीण म्हणाली, "शेटना पुढे जाऊ द्या गं, त्यांना रांगेची सवय नाही." सगळ्या खिदळल्या. मीही हसलो, पण बटाटे घेताना मान वर होईना.

कोठार तूच सांभाळावंस, असं सभेचं म्हणणं. पाववाला समितीत असेपर्यंत पाऊल ठेवणार नाहीस, हा तुझा निरोप काल आम्हा समितीवाल्यांच्या बैठकीत वाचला गेला. पाववाला उठून म्हणाला, "ताई येत असतील तर मी बाजूला होतो. त्यात काय एवढं?" रविवारी त्याचा राजीनामा घ्यायचा ठरलंय.

सहा वर्षांपूर्वी तुझा ठराव एका मताने पडला. आपली पद्धत तुला माहीतच आहे: सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून हात वर करायचा, मोजणाऱ्या मास्तरीणबाईंनीच काय ते बघायचं. 'विरोधात' म्हटल्यावर तुझ्या डावीकडे बाही सळसळली, ती तू ऐकलीस. कान आपल्या दोघांचेही आईवर गेलेत. डावीकडे पाववाला होता, आणि त्याला खेटून मी. तू आळ त्याच्यावर घेतलास. मी घेऊ दिला.

तो हात माझा होता, ताई. आदल्या दिवशी तुला शब्द देऊनही. हातगाडीपासून वर आलो, मला कुणी फुकट दिलं नाही, मग मी का द्यावं, हेच डोक्यात. तेही खोटंच. पहिल्या गाडीवरची भाजी तुझ्या वाफ्यातली होती.

इथवरचं पत्र आधी पाववाल्याला वाचून दाखवलं. भट्टीपाशी कणीक झटकत तो म्हणाला, "म्हणजे सहा वर्षं ताई माझ्या दारावरून नाक मुरडून गेल्या, ते तुमच्यापायी? आता वर्षभर रोज चार पाव न्यायचे. ताजे नाही, कालचे." आज नेले. दात शाबूत आहेत.

रविवारी दहाला सभा. समितीतून राजीनामा त्याचा नाही, माझा, लिहून ठेवलाय. तू ये. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही.

तुला दिलेला शब्द मोडलेला,
तुझाच धाकटा